दारावरची पाटी

नवऱ्याच्या, म्हणजे पोलिसातल्या सार्जंट हॅस्केलच्या पत्राला लोर्नाने उत्तर दिलंच नव्हतं. तिच्या आईच्या पत्त्यावर आलेल्या त्या पत्रात एकच ओळ होती, 'कुठे लपली आहेस तेवढं कळव.' ते फाडून ती लास व्हेगासला आली, हॉटेलात माहेरचं आडनाव सांगितलं आणि 'कृपया त्रास देऊ नका' ही पाटी दाराबाहेर अडकवून आतून कडी घालून बसली.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं.

"सुरक्षा तपासणी, मॅडम. उघडा."

"बाहेरची पाटी दिसत नाही का?"

"दिसली म्हणूनच आलो. दोन दिवस पाटी हलली नाही की खोली आतून बघायची, असा नियम आहे इथला."

"मी एकटी बाई आहे. तुम्ही कोण ते मला काय माहीत?"

"मग खाली फोन करून विचारा ना. मी कुठे पळून चाललोय?"

तिने फोन लावला. खालची मुलगी हसली. "ते आमचे बार्टन, मॅडम. उभा जन्म पोलिसात गेलाय त्यांचा. अगदी निर्धास्त उघडा."

लोर्नाने कडी काढली. बार्टनने ना कपाट उघडलं, ना पलंगाखाली वाकून पाहिलं. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मोबाइल काढून त्याने सावकाश काहीतरी लिहिलं.

"पत्राला उत्तर द्यायचं होतंत, मिसेस हॅस्केल," मोबाइल खिशात टाकत तो म्हणाला. "असू दे. तुमच्या वतीने मीच धाडलं."