लाल ठिपका

ब्याण्णव साली उल्हासनगरच्या एका कॉलेजने बदलापूरकडच्या पाड्यावर रक्तवाढीच्या गोळ्यांचं संशोधन मांडलं. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना साखरेची. कोणाला कोणती, सांगायचं नाही. नैतिकता तपासणाऱ्या समितीने चहा निवायच्या आत मंजुरी दिली. त्या समितीतल्या गायकवाडबाई आता पाहणीला पाड्यावरच्या नवसीच्या घरी आल्या होत्या. “नवसीबाई, गोळ्या रोज घेतल्या ना?” “नाय बाई. सून पोटुशी होती, रगत कमी. सरकारी गोळ्यांनी तिला मळमळायचं, तुमच्या गोळीनं कायपन तरास नाय. मंग सरकारी फेकल्या, माझ्याच तिला दिल्या.” बाईंनी तिची गोळ्यांची डबी पालथी केली. तळाला लाल ठिपका होता. लाल म्हणजे साखर. “सून कुठाय?” “बाळंतपणात गेली. अंगात रगतच नव्हतं.” त्यांनी डबी खाली ठेवली. नवसीने ती परत हातात दिली. “उरलेल्या दुसऱ्या पोटुशीला द्या. पोरीचं नशीब फुटकं, औषध गुणाचं हाय.”