शिंत्रे बाईंचं घड्याळ

"हे मेमरी कार्ड एकदम वेगवान आहे, बाई. तुमचा गेम निम्म्या वेळात उघडेल," हणमंत मोबाइलच्या दुकानातल्या काउंटरवरून म्हणाला.

गुडघे गेल्यापासून शिंत्रे बाई हातातल्या व्हिडिओ गेमवर मोटारी पळवत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरं पळवली होती. हणमंत त्यांतलाच. धावण्याच्या जिल्हा स्पर्धेत बाईंच्या अंगठ्याने दाबायच्या स्टॉपवॉच घड्याळाने त्याला एक दशांश सेकंदाने दुसरा ठरवलं, आणि बाईंचा अंगठा चुकला, असं तो वीस वर्षं गावभर सांगत आला होता. बाईंनी कधी वाद घातला नाही. घड्याळ मात्र जपून ठेवलं.

तेच त्यांनी पर्समधून काढलं. "मोजू या."

हणमंतने खात्रीसाठी मोबाइलवर गेमचा आणि घड्याळाचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. जुन्या कार्डावर गेम उघडायला ३१.४ सेकंद लागले. नव्या कार्डावरही तेवढेच.

"कार्ड कितीही पळणारं असू दे, हे यंत्रच त्याला पळू देत नाही," बाई म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडेच."

हणमंतचं कार्डाकडे लक्षच नव्हतं. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होता. दोन्ही वेळा व्हिडिओतून मोजलेल्या वेळेचा आणि बाईंच्या घड्याळाचा आकडा एकच होता, दशांशासकट.

"बाई," तो दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या वर्षी मी दुसराच आलो होतो."

"वीस वर्षं लागली तुला," बाई म्हणाल्या, आणि अंगठ्याने घड्याळ शून्यावर आणलं.