पुलावरच्या दोन पायऱ्या

पूल जुळला नाही.

बहिणीने आपलं टेबल भावाच्या टेबलाला भिडवलं आणि दोघंही बघत राहिले. अर्धा पूल त्याने आपल्या घरी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी बांधला होता, अर्धा तिने आपल्या. रुंदी जुळली. कमानी समोरासमोर आल्या. ठोकळ्यांचा राखाडी रंगसुद्धा एकच निघाला. फक्त तिचा पूल वर होता आणि त्याचा खाली, चांगला दोन थरांनी.

"खाली आलास," ती म्हणाली.

"तू वर गेलीस."

प्रदर्शन भरवणारे काका हातात नावं लिहायची कोरी कार्डं घेऊन टेबलांमधून फिरत होते. ते थांबले, वाकले, मान हलवून सरळ झाले. "दार उघडायची वेळ झाली. नसेल जुळत तर टेबलं लांब करा. तुझा किल्ला वेगळा, हिचं गाव वेगळं. मी दोन कार्डं लिहितो, हाय काय अन् नाय काय."

बहिणीने त्या कार्डांकडे पाहिलं. मागच्या प्रदर्शनात ती चहा प्यायला गेली असताना भावाने तिचा बुरूज उतरवून पुन्हा ओळंब्यात सरळ उभा केला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, वाकडं काही त्याला बघवत नाही. बुरूज जादूगाराचा होता, मुद्दाम वाकडा. ती तेव्हा म्हणाली होती, आता एकदाच शेवटचं एकत्र बांधून बघू. जमलं तर जमलं, नाही तर तुझा किल्ला तुझा, माझा माझा. रागात बोलली होती. पण शब्द परत घे असं तिला कोणी म्हणालं नाही, आणि आपणहून घेण्यातली ती नव्हती. पुलाची मापंसुद्धा दोघांनी मेसेजवरच ठरवली होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या टेबलाच्या कडेला डोळा लावला. त्याची तटबंदी नेहमीसारखी चोख होती. मारा करायच्या जंग्या एका रेषेत, दरवाज्यावर पहारेकरी, पुलावर घोडेस्वारांची रांग. पण खंदक उथळ होता. निळे चपटे ठोकळे थेट तळाच्या पाटीवर बसवलेले. त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

"दादा, तुझा पाया कुठाय?"

"नाही घातला."

"तू? पायाशिवाय खंदक म्हणजे फरशीवर सांडलेलं पाणी, हे दर वर्षी कोण ऐकवायचं?"

"तू कुठे घालतेस कधी? तुला ठोकळे वाया गेल्यासारखे वाटतात." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हटलं, यंदा आपणच तुझ्या उंचीला यावं."

ती उठली, आपल्या टेबलाशी गेली आणि गावाच्या बाहेरची भिंत कडेने अलगद सोडवली. आत, घरांच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन थर भरलेले होते. लाल, पिवळे, हिरवे, जे हाताला लागतील ते.

"यंदा घातला," ती म्हणाली. "तुझ्या उंचीला यावं म्हणून."

त्याने वाकून आत पाहिलं.

"रंग काय हे, बारके? सर्कशीचा तंबू केलायस."

"आतलं कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

आधी तिला हसू फुटलं. मग त्याला. काकांनी पेनाचं टोपण काढलं. "हसणं झालं असेल तर सांगा. कार्ड एक की दोन?"

"थांबा जरा, काका."

भावाने ठोकळे उचकटायची पट्टी उचलली आणि सवयीने तिच्या पुलाकडे वळला. हात कठड्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ती त्या हाताकडेच बघत होती.

"हात लावू का?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"लाव. पण कठड्यालाच. वर माझ्या दरवाज्याच्या छपरावर ड्रॅगन झोपलाय, त्याला उठवू नकोस."

"उतार करू मधे."

"उताराला जागा कुठाय? पायऱ्या कर."

"पुलावर पायऱ्या? असा किल्ला दाखव मला एक तरी."

"ड्रॅगनवाला किल्ला दाखव मला एक तरी."

"अगं, पण घोडे कसे चढतील?"

"घोड्यांना काय झालंय? स्वारांनी उतरावं. दोन पावलं चालले तर काय झिजणार आहेत?"

तो खाली मान घालून कामाला लागला. त्याने हात पुढे करायचा आणि तिने हवा तो ठोकळा तळव्यावर ठेवायचा. कुठला हवा, ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. काकांनी एक कार्ड लिहिलं, दोन टेबलांच्या बरोबर सांध्यावर उभं केलं आणि दुसरं खिशात घातलं.

दार उघडलं, तेव्हा भाऊ शेवटच्या स्वाराला खोगिरावरून उपटून पायरीवर उभा करत होता. बाकीचे आधीच खाली उतरले होते. एका रांगेत, पायी, घोडे मागे ठेवून.

पहिल्या आत आल्या त्या काठी टेकत आलेल्या एक आजीबाई. पुलापाशी वाकून त्यांनी सगळी रांग नीट पाहिली.

"अगं बाई, यांचे घोडे दमले वाटतं?"

"छे हो," भाऊ म्हणाला. "पुढचा दरवाजा हिचा आहे. तिथे उतरून, विचारून आत जावं लागतं."