राखणीचं कुत्रं

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पर जबड्यात शिरलेला लांडगा मी माघारी धाडलाय," आण्णा म्हणाले.

न्हावऱ्यात कांद्याच्या चाळीपुढं बायका कांदा निवडत होत्या. गुळाचा चहा नुकताच झाला होता. काठीच्या टोकावर हनुवटी टेकून आण्णा बसले होते. समोर सून पूनम. पुण्याच्या डॉक्टरकडं त्यांना तीच घेऊन गेली होती.

"कसला लांडगा?" सिंधूबाईनं विचारलं.

"क्यान्सर गं. डॉक्टर म्हणला, ह्यो नशीच्या कडंकडंनं वर सरकतो, पार मेंदूपातुर. आन् नस नुसती वाट देत न्हाई, त्याला खाऊ घालती. म्हंजी राखणीचं कुत्रंच लांडग्याला सामील. मी साठ वरसं मेंढरं राखली, मला शिकवतो व्हय?"

बायका हसल्या. पूनम हसली नाही.

"पुढं काय म्हणले डॉक्टर, तेबी सांगा की."

"म्हणला, दुखतंय तवर बरं, कुत्रं भुंकतंय समजा. हनुवटी बधिर झाली तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी या, जबडा काढू." आण्णांनी डोळा मिचकावला. "जबडा दिल्यावर गोष्टी काय गुडघ्यानं सांगू? म्हणून रोज हनुवटीला मिरची ठेचून लावतो. काल असा बोंबललो, पाटसच्या कारखान्यात भोंगा झाला म्हणून पाळी सुटली."

"मग आता दुखतंय?" पूनमनं विचारलं.

"दुखतंय म्हंजी? माशी बसली तरी जीव जातो."

चहाचा एक ओघळ त्यांच्या हनुवटीवर वाळत आला होता. तो त्यांनी पुसलाच नव्हता. काठीवरून एक काळा मुंगळा वर आला, ओघळावर थबकला आणि ओठाखाली तोंड रुतवून बसला. रक्ताचा थेंब फुगला. लांडगा शेपूट घालून भीमेपल्याड कसा पळाला, ते आण्णा रंगवून सांगत होते. बायकांचे हात थांबले.

पूनमनं वाकून मुंगळा ओढला. धड तिच्या चिमटीत आलं, डोकं तिथंच राहिलं. आण्णांचा लांडगा अजून नदीतच पोहत होता.

"खोटं, आण्णा," ती म्हणाली. "कुत्रं भुंकत न्हाई."