पारावरचे बूट

कासेगावच्या पुढं एस.टी.चा टायर फुटला आणि माणसं उतरून वडाच्या सावलीला गेली. लालासाहेब सर सगळ्यांत शेवटी उतरले. त्यांनी रुमालानं वडाचा पार झटकला आणि म्हसोबाच्या शेंदरी दगडाला पाठ टेकवून, बुटांसकट पाय वर घेऊन बसले.

"आवं मास्तर, पायताण," तात्याबा म्हणाला. तो त्यांच्याच गावचा, पलटणीतून पेन्शनवर आलेला. "देवाची जागा हाय ती."

"दगड आहे तो," सर म्हणाले. "आणि हे बूट आदिस अबाबाचे आहेत. खाली शेण पडलंय."

आक्काताई नवऱ्याचं बोलणं ऐकत उभी होती. इथिओपियात इंग्रजी शिकवून आल्यापासून त्यांना इकडचं काहीच पटत नव्हतं. पाणी गढूळ, भाकरी जाड, बायको अडाणी. त्या मुलखात ते खेचरावरून पडले, येताना त्यांची ट्रंक दुसऱ्याच विमानात गेली ती गेलीच. अंगात मुरलेला हिवताप तेवढा बरोबर आला. साताऱ्याच्या डॉक्टरनं पोटात वाढलेली पांथरी चाचपून सांगितलं होतं, की पुन्हा तिकडं गेलात तर माघारी येणार नाही. सरांनी त्या डॉक्टरलाही अडाणी ठरवलं. सांगलीचा एक डॉक्टर न तपासता तब्येतीचा दाखला देतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून आज ते सांगलीला निघाले होते. दाखला हातात पडला की ते पुन्हा विमानात बसणार होते.

निघताना त्यांनी तिला दम भरला होता. "वाटेत मला काहीही होवो, आजाराचा शब्द काढायचा नाही. तुझ्या गावंढळ तोंडानं माझी नोकरी घालवशील."

टायर अजून निघाला नव्हता, तोवर सरांचे दात वाजायला लागले. मग खांदे उडायला लागले.

"धरलं बघा," म्हातारी धोंडुबाई पाटी खाली ठेवत म्हणाली. "बूट घालून बसल्यावर त्यो सोडतोय व्हय."

तात्याबा आक्काताईकडं वळला. "ह्यास्नी काय दुखणं हाय का, वैनी?"

सगळी माणसं तिच्या तोंडाकडं बघायला लागली. सरांचे दात एकमेकांवर आपटत होते, तरी त्यांनी तिच्यावर डोळे वटारले.

"न्हाई," आक्काताई म्हणाली. "दुखणं कसलं? सकाळी दोन भाकरी खाऊन निघाल्यात."

"मग म्हसोबाच," तात्याबा म्हणाला.

दोघांनी सरांचे पाय धरले, तिसऱ्यानं बूट ओढून काढले. धोंडुबाईनं कनवटीची पुडी सोडून त्यांच्या कपाळावर कुंकू थापलं. तात्याबानं हात जोडले. "कोण हायस? काय पायजे तुला?"

"सिट डाऊन," सर थडथडत्या तोंडानं बोलले. "ऑल ऑफ यू. सिट डाऊन."

कंडक्टर मॅट्रिक झालेला होता. "खाली बसा म्हणतोय," तो म्हणाला. माणसं पटापट मातीत बसली.

"आरं, पर म्हसोबा विंग्रजी कवा शिकला?" मागनं कुणीतरी विचारलं.

"ज्याला धरलं त्याच्या तोंडानं बोलतोय, गड्या. मास्तरच्या तोंडात दुसरं काय हाय?"

धोंडुबाईनं आपली सुटून गेलेली म्हैस सापडेल का, ते विचारलं. सरांचे हात नुसते लटलटले. व्हय म्हणतोय का न्हाई, कुणालाच कळेना.

आक्काताईनं घरात, दार लावून, ही हुडहुडी बऱ्याचदा बघितली होती. आधी दात, मग हात. हुडहुडी मानेपर्यंत चढायची वाट बघत ती उभी राहिली. सरांची मान हलायला लागली, तशी तिनं डोक्यावरनं पदर घेतला आणि पुढं होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"देवा, ह्यांनी परत परमुलखात जावं का?"

मान डावीकडनं उजवीकडं गेली, उजवीकडनं डावीकडं आली.

"न्हाई म्हणतोय," तात्याबा म्हणाला. "आणि एकदा इचारा."

तिनं पुन्हा विचारलं. मान आणखी जोरात हलली.

"सांगलीला तरी जावं का, देवा?"

मान थांबायचं नाव घेईना. धोंडुबाईनं घाईघाईनं म्हशीचं पुन्हा विचारलं आणि तोंड पाडून पाटीजवळ जाऊन बसली.

एवढ्यात समोरनं साताऱ्याची गाडी आली. कंडक्टरनं मधोमध उभं राहून ती थांबवली. चौघांनी सरांना उचलून आत बसवलं. तात्याबाचं सांगलीला कोर्टात काम होतं, ते सोडून तोही त्यांच्या पुढच्या बाकावर येऊन बसला. "गावात सांगाय माणूस नको व्हय?" तो म्हणाला.

कऱ्हाड मागं पडल्यावर सरांना घाम फुटला आणि ते भानावर आले. त्यांनी खिडकीतून पाहिलं.

"ही कुठली गाडी?"

"साताऱ्याची."

"मूर्ख बाई. काय सांगितलंस लोकांना?"

"तुमी सांगिटलं तेच. आजार न्हाई म्हनून."

त्यांचा हात कपाळाकडं गेला, बोटं लाल झाली. ते कुंकू पुसणार, तोच पुढच्या बाकावरून तात्याबानं मागं वळून त्यांना हात जोडले. सरांनी हात खाली घेतला.

"माझे बूट?" ते हळूच म्हणाले.

"ऱ्हायलं पारावर," आक्काताई म्हणाली. "आता कुठं जायचंय तुमाला?"

सरांनी मोज्यातले पाय बाकाखाली ओढून घेतले.