झाडावरची हाक

कंबोडियातल्या टोनले साप सरोवराच्या पाण्यात अर्ध्या बुडालेल्या झाडावर चान्थोन करकोच्याची पिल्लं काढायला चढला होता. तो खाली टाकेल त्या पिल्लाची मान होडीत बसलेली त्याची बायको सोफाल मुरगळत होती.

"आवरा हो, ऊन चढलं," ती ओरडली.

चान्थोन उतरून तिच्या पाठीमागे बसला. "चल, वल्हव."

तेवढ्यात वरून त्याचाच आवाज आला. "सोफाल, निघालीस कुठं? फांदी मोडतेय!"

तिनं वर पाहिलं. पानांतून चान्थोनचे पाय लोंबत होते.

"बघू नकोस," मागचा शांतपणे म्हणाला.

"अगं, मीच आहे गं!" वरचा रडायला लागला.

मागे वळायची सोफालची हिंमत झाली नाही. ती वल्हवत राहिली. धप्पकन काहीतरी पाण्यात पडलं.

"शहाणी आहेस," मागचा म्हणाला. "आता सांग, घरी कोण कोण असतं?"