बैठकीत खाट येणार नाही

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी टेलरबाईंनी बैठकीतल्या वेताच्या खुर्च्या गॅलरीत काढून टाकल्या आणि सोफेवाल्याला बोलावून घेतलं.

"चामड्याचा हवा," त्या म्हणाल्या. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोपऱ्यात वळवा. आणि खिडकीशी एक एकटी खुर्ची, उंच पाठीची."

सोफेवाल्याने खोलीभर नजर फिरवली. "बाई, मग इथे दुसरं काही मावायचं नाही."

"तेच पाहिजे."

थोरला मुलगा दारात उभा होता. त्याचा बेत वेगळाच होता.

"आई, मी लोखंडी खाट सांगून ठेवली आहे. डोक्याकडून वर होते. मधल्या खोलीत ना वारा ना उजेड. बाबांना बैठकीत ठेवू, नाहीतर आमच्याकडे हलवू."

"माणूस आहे. कपाट नाही हलवायला."

"डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. मागच्या महिन्यात थोरल्याने डॉक्टरांना फाटकातच गाठलं होतं. दुखणं बरं होण्यातलं नाही, घरीच सांभाळा, बाकीचं आईंना विचारा, एवढंच बोलून डॉक्टर गाडीत बसले. त्याने आईला विचारलं. आईने मधल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे वडील पलंगावर शाल पांघरून पडले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस दिवसाढवळ्या आडवा झालेला थोरल्याने कधी पाहिला नव्हता. तो तिथेच रडला होता.

"माझी आई शेवटी बैठकीतच होती," टेलरबाई म्हणाल्या. "येणारा-जाणारा आधी तिचं पांघरूण वर करून बघायचा आणि मग चहा मागायचा. या घरात बैठकीत खाट येणार नाही. यांच्याबाबतीत माझा शब्द चालतो की नाही?"

"चालतो. तुझ्यापुढे कोण बोलणार?" थोरला जरा घुटमळला. "पण चामडंच कशाला? थंडीत गार पडतं, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं."

"चिकटू दे. एरवी तुम्ही आल्या पावली परत जाता."

आतून आवाज आला, "काळं नको गं. काळ्या सीटवर जन्म गेला माझा." त्यामागून खोकला आला.

विटकरी रंग ठरला.

एकट्या खुर्चीचं माप सोफेवाला कधी अंदाजाने घेत नसे. बसणाऱ्याची टाच ते गुडघा, मांडी, बसल्यावर कोपराची उंची, सगळं माणसाच्या अंगावर मोजायचं, ही त्याची रीत.

"साहेबांना जरा उठवता?"

"नको. त्यांचं माप मला पाठ आहे." गळ्यातल्या टेपशी चाळा करत टेलरबाईंनी आकडे सांगितले. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवले होते. सोफेवाल्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

थोरला आता दर रविवारी सहकुटुंब येऊ लागला. वडिलांच्या उशाशी औषधाच्या बाटल्या वाढत होत्या आणि वेळच्या वेळी रिकाम्या होत होत्या. सून म्हणायची, "बाबांची भूक मात्र शाबूत आहे हो." डॉक्टर आले की मधल्या खोलीत जात. टेलरबाई गरम पाणी घेऊन मागोमाग शिरत आणि दार लावून घेत. बाकीचा वेळ त्या मशीनशी बसून असत. गिऱ्हाइकांचं काम बंद केलं होतं, तरी हातातली सुई सुटली नव्हती. स्वतःचेच जुने कपडे उसवायच्या आणि शिवण आत घ्यायच्या. थोरला म्हणायचा, "हिला रिकामं बसवतच नाही."

सोफा आला तेव्हा दाराची झडप काढावी लागली. टेलरबाई भिंतीला टेकून हुकूम सोडत होत्या. एरवी एक टोक त्यांनीच उचललं असतं. सोफा जागेवर बसला आणि खोली भरून गेली. खाटच काय, पाट ठेवायलाही जागा उरली नाही. औषधांचा वास नव्या चामड्याच्या वासाखाली दबून गेला.

"घे," त्या थोरल्याला म्हणाल्या, "आता आण तुझी खाट."

मग सगळ्यांनी धरून वडिलांना काठी टेकत बाहेर आणलं आणि खिडकीशी बसवलं. ते बसले मात्र, त्यांचे गुडघे पोटाशी आले. हात चामड्याच्या हातांवर नीट ठेवता येईनात. लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखे दिसत होते.

सोफेवाला ओशाळला. "बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

थोरला हसत सुटला. "जन्मभर लोकांची मापं घेतलीस आणि घरच्याच माणसाचं चुकलं?"

"चुकलं तर चुकलं. आता काय, खुर्ची फेकून देऊ?" टेलरबाईंनी नवऱ्याला हाताने खुणावलं. "उठा तुम्ही. जा, पडा आत. मी बसेन हिच्यात."

त्या बसल्या. पाठ टेकली, डोकं टेकलं, डोळे क्षणभर मिटले. सुनेने चहा करून आणला तो त्यांनी तिथेच घेतला.

त्यानंतर बैठक कधी रिकामी राहिली नाही. शेजारीपाजारी येत, सोफ्यावर हात फिरवत, आजाऱ्याची चौकशी करत. टेलरबाई खिडकीशी बसून एकेकाची टोपी उडवत. गप्पा रंगत. कुणी कुणाचं पांघरूण वर करून बघितलं नाही.

थंडी पडली आणि एका सकाळी थोरल्याला डॉक्टरांचा फोन आला. "या. संपलं."

निघता निघता त्याने धाकटीला कळवलं, "बाबा गेले." रस्ताभर तो आईला काय सांगायचं ते मनात जुळवत होता. आता तरी तिला आपल्याकडे नेऊ, म्हणून खोलीही ठरवून टाकली.

दार वडिलांनी उघडलं. दाढी केलेली, सदरा खोचलेला, हातात काठी नाही. पाठीमागे खिडकीशी विटकरी खुर्चीची उंच पाठ दिसत होती.

थोरल्याने चौकट धरली. "बाबा, तुम्ही उठलात कसे?"

"मला काय झालं होतं?" वडील म्हणाले. "ती म्हणाली पडून राहा, मी पडून राहिलो."

टेलरबाई वारल्या त्या धाकटीच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, बुधवारी सकाळी, बैठकीत, आपल्या खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवून.